तक्त्याखालची टीप

रामदासपेठ, नागपूर
रविवार, ११ फेब्रुवारी १९७९

प्रिय जयवंताताईस,
सप्रेम जयभीम.

तुझं पोस्टकार्ड बुधवारी मिळालं. पत्ता तुझ्याच हातचा होता, तरी पोस्टमन बरोबर माझ्याच दारी आला. तुझ्या ओळी उताराला लागलेल्या बैलगाडीसारख्या खाली घसरल्या आहेत, पण एक अक्षर अडलं नाही मला. आजवर तुझी पत्रं लहानू भाऊजी लिहायचे आणि अर्ध्या पत्रात धानाचीच खबर असायची. या खेपेला पहिलीच ओळ, "प्रेमी, हे मीच लिहून राहिली. तू दिवसभर हापिसात काय करतं वं?" ते कार्ड मी ऑफिसात चार जणींना दाखवलं.

बुद्धविहारात दुपारचा बायकांचा वर्ग सुरू झाला आणि तुझी इतक्या वर्षांत सुटलेली अक्षरं परत हाती आली, हे फार छान झालं. गुडघा कसा आहे? मी बरी आहे.

तर मी काय करते ते सांगते. आमचे मनोहरराव सर दोन देशांची तुलना करतात, भारत आणि श्रीलंका. सन दोन हजारपर्यंत कुठे किती बाया किती शिकलेल्या असतील, याचा अंदाज बांधायचा. त्याचे तक्ते मी करते. आज दहा वर्षांच्या असलेल्या मुली पाच वर्षांनी पंधराच्या रकान्यात सरकवायच्या, मग विसाच्या. चौथी झालेल्या एका ओळीत, मॅट्रिक झालेल्या दुसऱ्या ओळीत. आलेखावर श्रीलंकेची रेघ आपल्या वर राहते. तिथे पोरींना शाळेतून काढत नाहीत, एवढंच त्याचं कारण, असं सर म्हणतात.

या कामाचा एक नियम आहे. पंचविशीनंतर ओळ बदलत नाही. चौथीला सुटलेली बाई चाळिशीतही चौथीच्या ओळीत आणि साठीतही तिथेच. दोन्ही देशांना तोच नियम. सहा वर्षं मी तो डोळे मिटून पाळला.

गुरुवारी तुझं कार्ड पर्समध्ये होतं. चाळिशीच्या बाया पुढे सरकवताना मी चौथीच्या ओळीतून एक कमी केला आणि वरच्या ओळीत एक मिळवला. चुकून नाही, जाणूनबुजून. आमचे आकडे हजारांत असतात, तेव्हा तुझ्यामागून आणखी नऊशे नव्व्याण्णव बाया फुकटात वर चढल्या.

सरांनी पडताळताना पकडलंच. "ही जास्तीची कोण?" म्हणाले. मी कार्ड पुढे केलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाले, "आकडा खोडा. पण तक्त्याखाली टीप द्या. मोठ्या वयात शिकलेल्या स्त्रिया या अंदाजात धरलेल्या नाहीत." ती टीप आता छापली जाईल. तीत तुझं नाव नसेल, पण ती तुझ्यामुळे आहे.

त्या दिवसापासून मनाला चैन नाही. एकोणतीस वर्षं जे बोलले नाही, ते आज लिहिते.

वामनराव गुरुजी कन्हानच्या आपल्या घरी आले, तेव्हा नागपूरच्या मुलींच्या वसतिगृहात एकीचीच जागा होती. चौथीत पहिली तू आली होतीस. ते तुझ्यासाठी आले होते. आई बिड्या वळायला जायची आणि धाकटा देवाजी रांगत होता, कुणीतरी घरी राहायला हवं होतं. तू उंबऱ्यात उभी राहून म्हणालीस, "मले शाळा नाही आवडत, गुरुजी. प्रेमीले न्या."

सगळ्यांनी ते खरं मानलं. मीही मानलं, असं मी स्वतःला सांगत आले. पण मला निघताना तू जी पिशवी दिलीस, तिच्यावरचा लाल दोऱ्याचा "ज" तू त्याच सकाळी उसवला होतास. सुईची भोकं दिसत होती. गुरुजींच्या मागून सडकेवर चालताना मी त्यांवरून बोट फिरवत होते. मागे वळून सांगता आलं असतं. मला जायचं होतं, म्हणून गप्प राहिले.

ताई, माझी नोकरी, माझी खोली, सर मला "आपण" म्हणतात तो मान, सगळं तुझं आहे. आभार हा शब्द मला अपुरा वाटतो, तरी तोच लिहिते. तुझे फार फार आभार.

भाऊजी मंगळवारी बाजाराला येतील. त्यांच्या हाती ती पिशवी धाडते. मी जपून ठेवली होती. काल त्याच भोकांतून पुन्हा लाल दोऱ्याने "ज" भरला. आत सातवीच्या परीक्षेला बाहेरून बसण्याचा फॉर्म आहे. बाकी सगळं मी भरलंय, फक्त सहीची जागा मोकळी ठेवली आहे. बसायचं की नाही ते तू ठरव. या वेळी मात्र शाळा आवडत नाही असं लिहू नकोस, मी ऐकणार नाही.

तुझ्या जागेवर शिकलेली,
प्रेमिला