यूपीएसवरची पट्टी

रोहा, रविवार

प्रिय मनाली,

आईने वालाच्या शेंगा पाठवल्यात, त्या पिशवीत तळाशी हे पत्र ठेवतोय. फोनवर जमलं नसतं. या आठवड्यात तीनदा नंबर लावला आणि जावईबापूंच्या कारखान्यात यंदा गणपतीचं काम कुठवर आलं, एवढंच विचारून ठेवून दिला.

जूनमधली तुझी ती नोकरीची परीक्षा मला रोज आठवते. घरून, कॉम्प्युटरवर द्यायची, मध्ये बंद पडला तर बाद. तुमच्याकडे पेणला वीज जाते म्हणून चार दिवस आधी मी यूपीएस घेऊन आलो होतो. निघण्याआधी इथे घरी तो दहा तास चार्ज केला, डावीकडच्या सॉकेटला साठचा बल्ब लावून पाहिला, अकरा मिनिटं जळला. मीटरवर बॅटरी बारा पूर्णांक नऊ व्होल्ट. पेणला तुझ्या टेबलाखाली बसून सगळ्या वायरी सरळ ओढल्या, प्रत्येक पिनेखाली यूपीएसवर पांढरी पट्टी चिकटवून नावं लिहिली. माझी सवय तुला ठाऊक आहे. माहितीपुस्तिकेची पिशवी फोडलीसुद्धा नाही. ज्याला उघडून कळत नाही त्याने वाचावं, असं मी दुरुस्तीच्या कामात तीस वर्षं सांगत आलो. नववी नापास माणसाला तेवढाच तोरा.

परीक्षेत वीज गेली आणि कॉम्प्युटर जागच्या जागी बंद झाला. दुसऱ्या दिवशी मी आलो तेव्हा तू म्हणालीस, "बाबा, यूपीएस वाजत होता, पण पीसी गेला." तो वाजतोय म्हणजे बॅटरी जिवंत आहे, हे मला तिथेच कळायला हवं होतं. मी काय बोललो? "तूच झाडताना पिना हलवल्या असशील. बायकांना वायरींत हात घालायची फार हौस." तुझ्या सासूबाईंसमोर बोललो. काशीबाईच मध्ये पडल्या, "ऱ्हाऊ द्या व्याही, पोर रडून रडून दमलीय." तू फक्त म्हणालीस, "असेल बाबा."

यूपीएस मी रोह्याला आणला. पुन्हा बल्ब लावला. डावीकडे जळला. उजवीकडे लावून मेन बंद केली, तर विझला. त्या बाजूची माझी पट्टी सोलली. खाली इंग्रजीत छापलं होतं की या दोन सॉकेटना बॅटरी नाही, फक्त विजेच्या झटक्यापासून बचाव. तुझ्या दोन्ही वायरी मी तिथेच खोचल्या होत्या, कारण त्या बाजूने त्या सरळ दिसत होत्या. आमच्या जुन्या यूपीएसला सगळी सॉकेट सारखीच असायची.

आणि पट्टी चिकटवताना तू वाकून म्हणाली होतीस, "बाबा, इथे काहीतरी लिहिलंय." मी म्हणालो होतो, "कंपनीवाले लिहितच असतात."

पुढच्या रविवारी मी येऊन वायरी डावीकडे लावल्या, वीज बंद करून सगळ्यांना दाखवलं आणि ऐटीत सांगितलं, "बघा, चालतोय. आता कोणी हात लावायचा नाय." काशीबाईंनी चहा दिला. मी तो प्यायलो.

हे मी तसंच दडवून नेलं असतं. पण मंगळवारी आईने फोन स्पीकरवर ठेवला होता. त्याच नोकरीचे अर्ज पुन्हा निघालेत म्हणालीस, पुढच्या आठवड्यातला शुक्रवार शेवटचा. आई म्हणाली, भर गो. तू हसलीस आणि म्हणालीस, "नको आई. मी कायतरी हलवते नि सगळं जातं." मी शेजारीच पेपर धरून बसलो होतो. वर पाहिलं नाही.

तू काहीच हलवलं नव्हतंस. अर्ज भर. सोबत ती सोललेली पट्टी ठेवली आहे, आठ महिने माझ्या मीटरच्या पेटीत होती. सासूबाईंना दाखव आणि हे पत्र त्यांना मोठ्याने वाचून दाखव, मी बोललोही त्यांच्यासमोरच होतो. पट्टीवर 'सीपीयू – मनाली' लिहिलंय. अक्षर कोणाचं, ते सांगायला नको.

तुझाच, तुझ्यासमोर उभं राहायला अजून धजत नसलेला,
बाबा