म्हाताऱ्या गाडीचे नवे बूट

सोमवार, ४ मार्च

वहीबाई, काल मी काय सांगितलं ते आठवतंय का? नाही ना. तुझ्याच अंगावर लिहिलंय आणि तूच विसरलीस. मला अक्षर ओळखता येत नाही, पण माझ्या सगळं ध्यानात आहे. तू आपली नुसती दिसायला गोरी.

डॉक्टरांनी तुला आणायला लावलं ते रक्तदाब लिहून ठेवायला. सकाळचा एकशे अडतीस. झालं डॉक्टरांचं काम. आता माझं.

मी सांगते, सूनबाई लिहिते. अट ठरलेली आहे — मी बोलेन ते सगळं लिहायचं, तिच्याबद्दल असलं तरी. तिनं मान डोलावली. लिहिलंस का, मान डोलावली म्हणून? बरं.

आजची बातमी अशी की चिरंजीवांना गाडीला रुंद टायर बसवायचेत. गाडी सतरा वर्षांची. यांनी घेतलेली, हे गेले आणि ती माझ्या नावावर झाली, कागदावर माझा अंगठा आहे. मागच्या दाराची काच हातानं फिरवावी लागते आणि ती अर्ध्यावर येऊन दम खाते. स्टिअरिंगला कसली मदत नाही, जोर सगळा आपल्या हाताचा. अशा गाडीला आता धावपटूचे बूट घालायचे. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, इथे नाकच पडायला आलंय.

जेवताना मोबाईल माझ्या ताटाशी धरला. म्हणे, "आई, बघ तरी, काय ग्रिप आहे!" बघितलं. काळी गोल वस्तू होती. आधीची पण काळी गोलच आहे.

मंगळवार, ५ मार्च

आज विचारायला आला. गाडी माझ्या नावावर, म्हणून विचारायचं. शेहेचाळीस वर्षांचा माणूस, दारात उभा राहून पायानं पायपुसणं सरळ करत होता. शाळेत सहलीला जायचं असलं की असाच उभा राहायचा.

"आई, घेऊ का ते टायर?"

मी म्हटलं, "घे की. घेतोस तर मागे दोन पंखही लावून घे. गल्लीत जागा मिळाली नाही तर गच्चीवर उतरवता येईल."

"म्हणजे घेऊ ना?"

"अरे घे, घे. मी पण हेल्मेट घालून मागे बसते."

हसला आणि गेला.

बुधवार, ६ मार्च

टायर सांगून मोकळा झाला! शेजाऱ्याला म्हणत होता, "आईच म्हणाली घे." माझी थट्टा त्याला आशीर्वाद वाटली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

खरं सांगू वहीबाई, "नको" हा दोन अक्षरी शब्द होता. मला अक्षरं येत नसली तरी तेवढी दोन तोंडात होती. पण मला सरळ बोलायला जमतं कुठे.

आता ऐक, ही गाडी चालवतं कोण. चिरंजीव ऑफिसच्या बसनं जातात, गाडीला हात लावतात तो रविवारी. रोज गाडी चालवते सूनबाई. ती लॅबमध्ये आहे, घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेते. सकाळी सहाला निघते, कारण लोक उपाशीपोटी वाट बघत बसलेले असतात. अकरा घरं, कधी बारा. सगळी जुन्या वस्तीत, जिथे समोरून सायकल आली तरी एकाला मागे जावं लागतं. प्रत्येक घरापाशी गाडी लावा, काढा, वळवा. जी दिवसात पन्नास वेळा चाक फिरवते तिला कुणी विचारलं नाही. जो आठवड्यातून एकदा फिरवतो त्यानं रंगसुद्धा ठरवला. टायरला रंग असतो हे मला माहीत नव्हतं. कडेनं पांढरी अक्षरं असतात म्हणे.

मी तिला आत्ता विचारलं, तुला काय वाटतं गं?

पेन थांबलं.

म्हणते, "छान दिसतील, आई."

लिही — छान दिसतील म्हणाली, माझ्याकडे न बघता.

शनिवार, ९ मार्च

टायरवाल्याकडे मीही गेले. माझी गाडी, माझा अंगठा, मी बघणार. मला एक स्टूल दिलं. दुकानात रबराचा वास असा की जेवायची इच्छा संध्याकाळपर्यंत गेली.

टायरवाला सरळ माणूस. म्हणाला, "आजी, आधीचं माप एकशे पंचावन्न होतं. हे एकशे पंच्याऐंशी."

मी म्हटलं, "माझा रक्तदाब एवढा झाला असता तर मला आडवं करून नेलं असतं. तुम्ही गाडीला बसवताय."

तो हसला, मग म्हणाला, "वळवताना जरा जड जाईल. सवय होते."

"कुणाला?"

"चालवणाऱ्याला."

"चालवणारी घरी कपडे वाळत घालतेय."

त्यानं चिरंजीवांकडे बघितलं. चिरंजीव खाली बसून टायरच्या खाचांवरून बोट फिरवत होते. बारशाला बाळाच्या गालावरून पण एवढ्या मायेनं कुणी बोट फिरवत नाही.

टायरवाला पुढे म्हणाला, "आणि स्टिअरिंग पार शेवटपर्यंत वळवलं तर चाक आतून घासेल. तेवढं वळवू नका."

मी म्हटलं, "मग गल्लीच थोडी रुंद करून घ्यावी लागेल. कुठे अर्ज करायचा?"

चिरंजीव म्हणाले, "आई, तू पण ना."

हे त्याचं एक वाक्य आहे. माझ्या प्रत्येक बोलण्यावर तेच झाकण.

रविवार, १० मार्च

आम्हा सगळ्यांना मोठ्या रस्त्यावरून फिरवून आणलं. गाडी वळणावर कशी चिकटून राहते ते तीनदा दाखवलं. तेच वळण, तीनदा. पुन्हा पुन्हा विचारायचा, "जाणवलं?"

जाणवलं. रस्त्यात नाणं पडलं असतं तर छापा वर होता की काटा तेही सांगितलं असतं. कंबर बोलतेय.

परत आल्यावर त्याचे दोन मित्र आले आणि तिघांनी कमरेवर हात ठेवून चाकं बघितली. मुलगी बघायला आल्यासारखे. एकानं खाली वाकून म्हटलं, "वा! आता दिसते गाडी." म्हणजे सतरा वर्षं काय दिसत होतं यांना?

गुरुवार, १४ मार्च

सूनबाई सव्वा तास उशिरा आली. म्हणाली ट्रॅफिक होता. सकाळी साडेसहाला गल्लीत कसला ट्रॅफिक गं? मांजरांचा?

सोमवार, १८ मार्च

मला वाचता येत नाही, पण कान आहेत. पेनाचा आवाज बदललाय. आधी सरसर जायचं, तांदूळ पाखडल्यासारखं. आता दोन शब्द, थांबा. दोन शब्द, थांबा. आणि ओळ सरळ की तिरकी हे कळायला शाळा लागत नाही. पहिल्या सोमवारची ओळ टेबलाच्या कडेसारखी सरळ होती, आजची उतरणीला लागलीय.

विचारलं तर म्हणते पेन खराब आहे.

लिही — पेन खराब आहे. आणि ज्या हातात पेन आहे तो हात तिनं मधेच पदराखाली घेतला, तेही लिही.

बुधवार, २० मार्च

आज माझं रक्त घ्यायचं होतं, साखर तपासायला. दर तीन महिन्यांनी सूनबाईच घेते, नऊ वर्षं झाली. मला कधी कळलं नाही सुई कधी गेली. मी दुधाच्या पिशवीबद्दल बोलत असते आणि ती म्हणते, झालं आई.

आज दोनदा टोचली.

म्हणाली, "तुमची शीर पळते हो."

मी म्हटलं, "माझी शीर चौऱ्याहत्तर वर्षं एका जागी आहे. पळतोय तुझा हात."

तिनं कापसाचा बोळा माझ्या कोपरात दाबून धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मग सांगितलं. टायर आल्यापासून जागच्या जागी गाडी वळवायची म्हणजे दोन्ही हातांनी ओढावं लागतं, दळण दळल्यासारखं. तिसऱ्या घरापर्यंत ठीक. चौथ्यानंतर उजवं मनगट आतून थरथरायला लागतं. आता गाडी वस्तीच्या तोंडाशी लावते आणि नमुन्यांचा डबा घेऊन पायी फिरते, म्हणून उशीर. तरी गेल्या आठवड्यात एका आजोबांचा दंड काळानिळा झाला. त्यांच्या मुलीनं लॅबमध्ये फोन केला. साहेब म्हणाले, आणखी एक तक्रार आली तर तुम्हाला सुईवरून काढावं लागेल.

सुईवरून काढलं तर उरतं काय? तिनं शिकलेलं तेच एक. आणि ते ती असं करते की माझ्यासारखी भित्री बाई दुधाच्या पिशवीबद्दल बोलत बसते.

"त्याला सांगितलंस?"

"त्यांना इतकं आवडलंय सगळं, आई. कसं सांगू? आणि हे नको ना लिहायला."

अट आठव, म्हटलं. तिनं लिहिलं. हळूहळू लिहिलं.

गुरुवार, २१ मार्च

मी सांगितलं त्याला. म्हणजे, मला जसं सांगता येतं तसं. म्हटलं, "अरे, गाडीला एवढे भारी बूट घेतलेस, आता बायकोला एक पैलवान घेऊन दे. चाक फिरवायला."

हसला. हसून ताटातलं संपवलं. "आई, तू पण ना."

लेकी बोले सुने लागे म्हणतात. मी रोज सुनेला सांगते, ती लिहिते, आणि लेकाला काही लागत नाही. पालथ्या घड्यावर पाणी. पण घडा पालथा केला कुणी? शेहेचाळीस वर्षं प्रत्येक गोष्ट टोमण्यात गुंडाळून दिली, आता त्याला आतली गोष्ट असते हेच माहीत नाही. कागद चघळतो आणि गोळी थुंकतो.

रविवार, २४ मार्च

आज युक्ती केली. म्हटलं, मला नातेवाइकांना भेटायचंय, किती दिवस राहिले. चिरंजीव खूश, गाडी काढायला निमित्त. मी मुद्दाम जुन्या वस्तीतलीच माणसं निवडली. सहा घरं. प्रत्येक ठिकाणी दाराशीच गाडी लाव म्हटलं, माझे गुडघे दुखतात. गुडघे छान आहेत माझे.

पहिल्या घरी शीळ घालत होता. दुसऱ्या घरी शीळ बंद. तिसऱ्या घरी माझ्या मावसबहिणीच्या भिंतीपाशी गाडी मागे-पुढे, मागे-पुढे, आणि चाक आतून खरडल्याचा असा आवाज की मावसबहीण म्हणाली, कुणाच्या घरचं जातं गं हे? चौथ्या घरी शर्ट पाठीला चिकटला. पाचव्या घरी मला म्हणाला, "आत किती वेळ बसणारेस?" मी म्हटलं, जेवूनच निघू.

घरी येऊन चहाचा कप उचलला तर बशीवर कप वाजत होता. सूनबाई बघत होती. मी बघत होते. तोही बघत होता, कपाकडे.

म्हणाला, "सवय नाही म्हणून."

"तिला आहे?"

"ती काही बोलली नाही कधी."

"विचारलंस?"

त्यानं कप खाली ठेवला. म्हटलं, आली गाडी रुळावर. तर थोड्या वेळानं मोबाईल घेऊन आला. म्हणे, या गाडीला पॉवर स्टिअरिंग बाहेरून बसवून मिळतं, पुढच्या वर्षी बघू. रोग म्हशीला आणि औषध पखालीला. टायर काढावे असं डोक्यात येत नाही, गाडीच टायरला शोभेशी करायची.

सूनबाई म्हणाली, "तोवर मी चालवीन हळूहळू."

आणि मी — मी म्हटलं, "हो, पुढच्या वर्षीपर्यंत हातपण नवीन मिळायला लागतील."

पुन्हा तेच. तो पुन्हा हसला. तेवढं लिही. मला सरळ बोलायचं होतं आणि मी पुन्हा विनोद केला, असं लिही.

मंगळवार, २६ मार्च

रक्तदाब एकशे बावन्न. सूनबाईचा हात शेकायला ठेवलाय. आज एवढंच, तिला डाव्या हातानं एवढंच जमतंय.

शनिवार, ३० मार्च

वहीबाई, अक्षर वेगळं आहे, दचकू नकोस. चिरंजीव लिहितोय. सूनबाईच्या उजव्या मनगटाला पट्टा घातलाय. तीन आठवडे सुई नाही, चाक नाही, पेन नाही. लॅबनं तिला रिपोर्ट द्यायच्या खिडकीशी बसवलंय. सुईवर परत घ्यायचं की नाही ते हात बघून ठरवणार.

मी सांगायला सुरुवात करायच्या आधी त्यानं मागची पानं वाचली. पहिल्यापासून. मला वाटलं मधे कुठेतरी हसेल. हसला नाही. एका पानावर बराच वेळ थांबला, कुठलं ते मला सांगता येत नाही, पण ओळ तिरकी होती.

आता लिही. यात थट्टा नाही. गाडी माझी आहे. आज ते टायर काढून जुन्या मापाचे बसवून आण. येताना तिला खिडकीशी डबा पोचता कर. चार अंडी उकड, दोन संत्री दे. अंडी सोलून दे. संत्रीही सोलून, फोडी करून. तिला एका हातानं सोलता येत नाही.