श्वास घेणारी म्हातारी

क्लोपे वाडी, १९ ऑगस्ट

प्रिय रीनुस,

तुझं वाढदिवसाचं कार्ड मिळालं. दोन ओळी आणि सही. शब्द काय उसने आणतोस का रे? आम्ही बरे आहोत. टोनचा गुडघा दुखतो, पण त्याहून त्याची कुरकुर जास्त.

परवा आईबरोबर सायकलने माळावर गेले होते. हेदरची झुडपं फुललीत, माळ सगळा जांभळा झालाय. ऐंशीव्या वर्षी तिनं मला मागे टाकलं, वर म्हणते, "डिम्फना, तू म्हातारी झालीस." डेलियाची शेतंही यंदा भरलीत. मिरवणुकीला अठरा दिवस उरले. सगळ्या वाड्यांनी स्पर्धेचे आपापले फुलांचे चित्ररथ मांडवात ताडपत्रीआड झाकलेत, आणि आमच्या वाडीचं कुत्रं जरी तुमच्या मांडवाकडे फिरकलं तरी हाकलतात.

माळावर कॉफी पिताना आई म्हणाली, "रीनुसच्या तोंडात तीळ भिजत नाही, असं गाव म्हणतं. आपल्या घरात गोष्ट पोटात ठेवणारा तो एकटाच होता." माझ्याकडे बघत नव्हती ती. माझी कॉफी तशीच राहिली.

रीन्या, आता लिहितेच. तीन वर्षांपूर्वी तू तुमच्या वाडीसाठी म्हातारीचा चित्ररथ आखलास. आतून दोऱ्या ओढल्या की तिची छाती वरखाली होणार होती. तो कागद मी आईच्या स्वयंपाकघरात पाहिला आणि जेवताना टोनला सांगितलं. फोडायचं म्हणून नाही रे, अभिमानानं. "माझ्या भावानं फुलांना श्वास घ्यायला लावलंय," असं म्हणाले, बटाटे वाढता वाढता. टोननं ते आमच्या मांडवात नेलं. त्या वर्षी आमचा घोडा श्वास घेत निघाला आणि पहिला आला. तूच गुत्त्यात बडबडलास असा आळ घेऊन तुमच्या लोकांनी तुला मांडवाबाहेर काढलं, आणि तू गाव सोडून ग्रोनिंगेन गाठलंस.

त्या घोड्याला मी मान खाली घालून डेलिया खोचत होते. तोंड उघडलं असतं तर नवऱ्याच्या वाडीत राहणं जड गेलं असतं, म्हणून गप्प बसले. दुसरं कारण शोधून पाहिलं, सापडलं नाही.

काल तुमच्या मांडवात गेले. ताडपत्री उचलून आत शिरले तर सिनमावशी म्हणाली, "काय गं, हेरगिरीला आलीस?"

"हेरगिरी तीन वर्षांपूर्वीच झाली, मावशी. ती माझ्यामुळे. रीनुस एक शब्द बोलला नव्हता."

सगळं सांगितलं. मग तुमचा मुकादम कोबुस हातातली पक्कड खाली ठेवून म्हणाला, "त्याचा नंबर कुणाकडे आहे?" कुणाकडेच नव्हता. मी दिला.

टोन आज माझ्याशी बोलत नाही. आमचं बक्षीस मी चोरीचं ठरवलं म्हणून वाडीनं कळवलंय, यंदा फुलं खोचायला येऊ नकोस. तुमच्यातही मला कोण बसू देणार? बरोबरच आहे त्यांचं.

कोबुसचा फोन येईल. रागानं आपटू नकोस. त्यालाही लाज वाटतेय, पण तो ते बोलून दाखवणार नाही, तुला माहीतच आहे. मिरवणुकीच्या रविवारी आईची खुर्ची रस्त्याच्या कडेला टाकून मी शेजारी उभी राहीन. चित्ररथ ढकलत पुढे जाताना माझ्याकडे बघितलं नाहीस तरी चालेल. ढकलणाऱ्यांत तू अस, एवढंच.

तुझ्या नावाला लागलेला डाग तीन वर्षं नुसती बघत बसलेली,
तुझी ताई,
डिम्फना