हवेतली वाकडी फळी

दि. ४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अक्षर डाव्या हाताचं आहे, हसू नये. आजारपणानंतर उजवा हात टेबलावरून वर उठतच नाही. सूनबाईने व्यायामाच्या बाईंकडून एक जाडजूड चष्मा आणलाय. घातला की खोली आपलीच दिसते, पण भिंतीवर नसलेली फळी आणि तिच्यावर नसलेले पेले. ते उचलायचे; उचलला की टाळ्या. कुणाकडे उमेदवारी न करता सुतारकाम शिकलेल्या माणसाला टाळ्या! पण हात उठला नाही, तर कारखान्याची किल्ली मुलाला द्यावी लागेल. म्हणून घालतो.

माया असू दे.
तुझा धाकटा

दि. २९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हा चष्मा आता परत जाणार. फळी वाकडी आहे, ताई! उजवं टोक चांगलं वीतभर खाली. वाकड्या फळीवरच्या पेल्याला मी हात कसा लावू? रोज ते टोक खांद्यापर्यंत उचलून धरतो, सोडलं की पुन्हा खाली. डावा हात लावावा, तर चष्म्याला तो दिसतच नाही. गुण शून्य. बाई म्हणतात, मी व्यायाम चुकवतो.

रागावलो असलो तरी तुझाच,
धाकटा

दि. ३ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. आ.

लहानपणी जेवता जेवता उठून तसबिरी सरळ करायचास आणि आईची बोलणी खायचास. चष्मा खुशाल परत कर. पण आधी एवढंच सांग, डावा त्याला दिसत नाही, उजवा टेबलावरून उठत नाही, मग खांद्यापर्यंत जातो तो हात कुणाचा?

जिवाला जप.
तुझी ताई

दि. ९ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून बराच वेळ हाताकडेच बघत बसलो. मग सूनबाईला हाक मारून खिडकीची वरची कडी काढून दाखवली. तिने ती परत लावली आणि म्हणाली, पुन्हा काढा.

बाईंनी वाकडेपणाचं मूळ शोधलं. पहिल्या दिवशी चष्म्याने समोर बघायला सांगितलं, तेव्हा मी सवयीने एक डोळा मिटून मान तिरकी केली, लाकडाची धार बघतो तशी. त्याने तीच रेघ सरळ धरली. हे कारखान्यात कुणाला कळता कामा नये.

बाई फळी लगेच सरळ करून देणार होत्या. मी चष्मा त्यांच्या हातून ओढून घेतला, उजव्या हाताने. म्हटलं, राहू द्या वाकडीच. मला अजून ती सरळ करायची आहे.

किल्ली सध्या माझ्याच खिशात आहे. माया कमी करू नकोस.
तुझा धाकटा