डाव्या कोपरापाशी

तीर्थरूप बाबांना,

दुकानातूनच वाकून नमस्कार करते. मी मजेत आहे, वेळेवर जेवते. आईचे गुडघे काय म्हणतात?

माझं हे कपडेदुरुस्तीचं दुकान रिकामं आणि समोरच्या मोचीकाकांकडे सदा गर्दी! शेवटी जाऊन विचारलंच. म्हणाले, “मी नुसता बूट शिवत नाही गं, तो तिथेच का फाटला ते विचारतो.”

मग मीही विचारायला लागले. एका मास्तरांच्या कोटाचा उजवा खिसा मी तीनदा शिवला होता. विचारल्यावर कळलं, त्यात शाळेच्या किल्ल्यांचा जुडगा असतो! आतून जाड कापड लावून दिलं. तुम्ही म्हणाल, पोरीने आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला. पण मास्तरांनी आणखी दोघांना धाडलं.

काल सहज माझ्याच बाहीकडे लक्ष गेलं. डाव्या कोपरापाशी विरलीय. दिवसभर टेबलावर टेकून रस्त्याकडे बघत असते ना.

बाबा, तुमचे सदरेही तिथेच विरायचे. मी रफू करायचे आणि तुम्ही सांगायचात, आपलं दुकान जोरात चाललंय. तेव्हा विचारायचं राहूनच गेलं.

माझंही जोरात चाललंय हं.

तुमचीच,
थोरली