मेडिकलच्या आधीची आळणी आमटी

आबा, या महिनाअखेरीला मी रिटायर होतोय आणि त्याच दिवशी आईचा विमा संपतोय. आज दुपारी आमच्या चाकणच्या कंपनीतल्या एचआरच्या मॅडमनी ते पक्कं सांगितलं. "सर, निवृत्तांच्या पॉलिसीत तुम्ही आणि मिसेस. पेरेंट्स नाहीत." मी पुन्हा विचारलं, त्यांनी तितक्याच शांतपणे पुन्हा सांगितलं. मी नोकरीत होतो तोवर आई माझ्यामागून आपोआप विम्यात होती. गेल्या वर्षी तिला दम लागला तेव्हा दवाखान्यात नुसतं कार्ड दाखवलं होतं. माझं आणि तुमच्या सुनेचं ठरलंय, आमच्या दोघांपुरती कंपनीची योजना पुढे चालू ठेवायची. आईसाठी मात्र आता बाहेर नवी पॉलिसी शोधायची, आणि या वयात तिला कोण घेणार, हा प्रश्न आहे.

संध्याकाळी विम्याचं काम करणारा मुलगा मोशीला घरी आला. तुमच्याबरोबर कंपनीत प्रेस मशीनवर होते त्यांचाच धाकटा नातू. स्वयंपाकघरातल्या टेबलाशीच बसला, कारण आई तिथे मेथी निवडत होती. "काका, स्पष्ट सांगतो. बीपी-शुगर लिहिली तर कदाचित घेणारच नाहीत. घेतलं तरी त्या दुखण्यांचे पैसे पहिली काही वर्षं मिळणार नाहीत. आणि लपवलं, तर ऐन दवाखान्यात हात वर करतील."

"लिहायचंच कशाला?" आई मान वर न करता म्हणाली. "मला काय झालंय?"

"आजी, गोळ्या खाता ना पण?"

"त्या काय रोज खाते व्हय?"

रोजच खाते. आम्ही सगळे हसलो, तीही हसली. मी त्याला म्हटलं, सगळं खरं लिही. मग त्याने सांगितलं, सोमवारी सकाळी माणूस घरी येईल, रक्त घेईल, प्रेशर बघेल. "म्हंजी मेडिकल," आई म्हणाली, आणि तिचे हात थांबले.

रात्री जेवायला बसलो आणि पहिल्याच घासाला मला कळलं. आमटीत मीठ नव्हतं.

आबा, ती चव मी कशी विसरेन? तुमच्या कंपनीत वर्षातून एकदा मेडिकल असायचं. ज्याचं प्रेशर वाढलेलं निघेल त्याला मशीनवरून काढून हलक्या कामाला लावतात, मग ओव्हरटाइम गेलाच, असं सगळ्या चाळीत बोललं जायचं. म्हणून त्याआधी दोनेक दिवस घराघरांतून मीठ बंद. तुमच्या एकट्यासाठी वेगळी आमटी कोण करणार? सगळ्यांनाच आळणी. मी शाळकरी आहे, ताट पुढे सरकवून रुसून बसलोय, आणि तुम्ही ओरडत नाही. तुम्ही तुमच्या आमटीत भाकरी कुस्करता, भुरका मारता आणि म्हणता, "अरे, अशी आमटी तर लग्नातपण मिळत नाही." मेडिकलच्या दिवशी कंपनीच्या दवाखान्याबाहेर प्रेशर उतरावं म्हणून झाडाखाली बसून मगच तुम्ही आत जायचात. संध्याकाळी पिंपरीहून येताना फरसाण आणायचात. पास झालो म्हणून. खारट, तिखट फरसाण. आम्ही त्यावर तुटून पडायचो.

तुम्ही दरवर्षी पास झालात. म्हणूनच तुम्हाला कधी कुणी गोळी दिली नाही. निवृत्तीनंतर वर्ष-दीड वर्षात तुम्ही बस स्टॉपवर कोसळलात. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी विचारलं, प्रेशरचा त्रास किती वर्षांपासून होता? आईने पदर सावरून सांगितलं, "न्हाई डॉक्टर, ह्यांचं मेडिकल दर साली पास व्हायचं." तिच्या आवाजात तेव्हाही अभिमान होता. तुम्ही त्या दवाखान्यातून परत आला नाहीत.

मी आज तिला समजावलं. "आई, हे कंपनीचं मेडिकल नाही. यात पास व्हायचं नसतं, खरं काय ते सांगायचं असतं. आपण तर सगळं लिहूनच दिलंय."

"तू लिव्ह की. मशीन काय लिवल्यालं वाचतंय?" मग जरा थांबून म्हणाली, "तुझ्यावर भार नको, बाळा. तू आता घरी बसनार." जेवण झाल्यावर हिने तांदळाचा डबा उघडला तर आत आईच्या गोळ्यांची पाकिटं. सोमवारच्या माणसाच्या नजरेला पडू नयेत म्हणून. हिने ती जागेवर आणून ठेवली आणि रात्रीची गोळी समोर उभं राहून घ्यायला लावली. मला म्हणाली, "अहो, त्यांना सांगा, उद्यापासून नेहमीसारखं जेवायचं." मी मान हलवली.

हा कागद हिच्या हाती लागण्याआधी मी फाडून टाकीन. सोमवारी तो माणूस येईल, आई दंड पुढे करून तुम्ही झाडाखाली बसायचात तशी बसेल, आणि नंतर विमा कंपनी हो किंवा नाही कळवेल. बहुतेक नाहीच. सोमवारपर्यंत आमटी आळणीच होणार, कारण नेहमीसारखं जेवायचं हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. ताटात मीठ वाढलेलं होतं, आबा. मीही ते घेतलं नाही.