थंड ब्रेकचा आकडा

३ जून
वाहन तपासणी केंद्रात आज रुजू झाले. खोली लहान, पण टेबल माझं एकटीचं. मोठे साहेब म्हणाले, पोरी, इथे यंत्र बोलतं, आपण फक्त ऐकायचं. गाडीची चाकं रोलरवर घ्यायची, चालकाला ब्रेक दाबायला सांगायचं, ब्रेकच्या जोराचा आकडा लिहायचा. पन्नासच्या वर गेला की पास. चाक उघडून पाहायची परवानगी नाही. मला आकडे आवडतात.

९ जून
पांढरी व्हॅन. चालक पन्नाशीचा, शेजारी त्याची शाळकरी मुलगी. ती म्हणाली, गाडी होईल पास, बाबांचंच काही खरं नाही. तो हसला. मग म्हणाला, ताई, लांब उतारावर पेडल खाली जातं, गार झालं की पुन्हा ठीक. गाडी तासभर रांगेत उभी होती. ब्रेक थंडगार. आकडा बासष्ट. तक्रार लिहायला फॉर्मवर रकाना नाही. साहेबांना विचारलं, तर म्हणाले, दीडशहाणी होऊ नकोस. पास केली.

१४ जून
व्हॅन उतारावरून दरीत गेली. बापलेक दोघंही गेली. ब्रेक ऑइलमध्ये पाणी मुरलं होतं. तापल्यावर त्याची वाफ झाली. आमच्या रोलरवर ते कळत नाही. माझ्या सहीवर कुणी बोट ठेवलं नाही. ठेवायला हवं होतं.

१७ जून
भर दुपारी रांगेत तीच व्हॅन. तोच नंबर. पुढची बाजू चेपलेली. आत तोच चालक, एकटाच. साहेबांना फक्त रिकामे रोलर फिरताना दिसले. आकडा बासष्ट.

१८ जून
पुन्हा आला. पुन्हा बासष्ट. मी नापास लिहिलं. कागदावर पास उमटलं — माझ्याच अक्षरात.

२० जून
आज त्याने विचारलं. रागाने नाही. ताई, चूक माझी होती का? पोरगी सारखी विचारते. मी म्हणाले, नव्हती. तो म्हणाला, मग तसं लिहून द्या.
न तपासता कसं लिहू? ब्रेक तापवून बघावे लागतील. उतारावर.

२१ जून, सकाळ
त्याच्या शेजारी बसले आहे. दर वळणाला नोंद.
पहिलं वळण — पेडल घट्ट.
तिसरं — अर्ध्यावर. जळका वास.
पाचवं — मऊ. तळाला. तो दाबतोय, पुन्हा दाबतोय —
चूक त्याची नव्हती. लिहिलं. सही केली.
वेग मोजता येत नाही. त्याने एक हात माझ्यापुढे आडवा धरला आहे, बाप धरतो तसा, आणि —